शालू, तुला चक्कर आली नव्हती

प्रिय शालू,

काल तुझी तेरवी झाली. पंगती चालू असताना, तुझ्याच ओसरीत उभी राहून मी तुझ्या मुलीशी खोटं बोलले. म्हणून आज लिहिते आहे. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्या बायकांची मी जन्मभर टर उडवली. आता तू माझी उडव.

पल्लवीचा फोन स्पेनहून आला होता. आठवा महिना, तिला विमानात बसू देत नाहीत, तिला तुझं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. ती म्हणाली, "मावशी, बाकी सगळे गोड बोलतात. तू कधीच गोड बोलत नाहीस. तू सांग, आई कशी गेली?" समोर तुझा नितीन उभा होता, हातात वाढायची बादली. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, एवढीशीच. आणि मी, जिने सौंसरच्या शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरींना प्रार्थना संपेपर्यंत उन्हात उभं केलं, ती मी म्हणाले, "चक्कर आली गं तिला. जिन्यावरून पडली."

तुला जन्मात कधी चक्कर आली होती का? पल्लवीच्या वेळी बारा दिवसांची बाळंतीण असताना विहिरीचं पाणी ओढणारी बाई तू.

तुझ्या कानशिलावर दगड बसला, शालू. मुठीएवढा, गोफणीतून सुटलेला. हाड आत गेलं. तुझ्या घरात हे कोणी बोलत नाही, म्हणून मी तुलाच सांगते आहे, जणू तुला माहीत नाही.

माझ्या लहानपणची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मी पोळ्याच्या सुट्टीला घरी यायचे ना? एकदा परत गेल्यावर आमच्या स्पॅनिश मदरने विचारलं, सुट्टीत काय केलं. मी बारा वर्षांची. अभिमानाने सांगितलं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव. झाड तोडून आणेपर्यंत दोन्हीकडची माणसं दिवसभर एकमेकांना दगड मारतात. डोकी फुटतात, डोळे जातात, कधी माणूसच जातो. संध्याकाळी झाड देवीला वाहतात आणि सगळे गळ्यात गळे घालून घरी जातात. त्याला गोटमार म्हणतात.

मदर म्हणाली, "मग तक्रार कोणाकडे करतात?"

मी म्हटलं, तक्रार करायची नसते.

तिने मला बोटं जुळवून पुढे करायला लावली आणि फूटपट्टीच्या धारेने सहा फटके मारले. रानटी लोकांना माणसांत आणायची तिची ती रीत होती. त्या खोलीत रानटी कोण होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्याच फूटपट्टीने तिने मला स्पॅनिश शिकवलं. दर शनिवारी दुपारी, चार निवडक पोरींना. नामाच्या आधी एल की ला, अनेकवचनात लोस की लास. चुकलं की फटका. बाकी सगळं मी विसरले, पण एल आणि ला बोटांत राहिलं. ते मी पन्नास वर्षं मिरवलं. तुझ्यापुढे तर फारच.

बाबांनी मला नागपूरला पाठवलं आणि तुला नगरपालिकेच्या शाळेत, कारण आईला हाताशी कोणीतरी हवं होतं. तू त्याबद्दल कधी ब्र काढला नाहीस. मग पल्लवीने स्पेनमध्ये लग्न केलं, इनेस झाली, ती सहा वर्षांची झाली. तिला मराठी येईना, तुला स्पॅनिश येईना. दर रविवारी तू फोनसमोर पदर सावरून बसायचीस आणि नुसती मान डोलवायचीस. शेवटी माझ्याकडे आलीस. "ताई, मले शिकव न ते. माही नात मले मुकी समजून राहिली."

मी मंगळवारी आणि शुक्रवारी सौंसरहून बसने यायला लागले. पहिला दिवस आठवतो? टेबलावर तू भिजवलेली डाळ बाजूला सारलीस आणि वही उघडलीस.

"नदी?"

"एल रिओ. पुल्लिंगी."

"नदी माणूस? अन् दगड?"

"ला पिएद्रा. स्त्रीलिंगी."

"दगड बाई अन् नदी माणूस. उलटंच हाय बाप्पा तिकडं. अन् झाड?"

"एल आर्बोल. पुल्लिंगी. त्यांच्यात नपुंसकलिंग नसतंच."

"मंग हिंदीवानी हाय, असं सांग न. घरी ते झाड, अन् शाळेत तो पेड़. हे तं आपल्याले लहानपणापासून येते."

मदरला हे सुचलं नसतं. मलाही नव्हतं सुचलं. घरात मराठीची तीन लिंगं आणि बसस्टँडवर हिंदीची दोन, हे पांढुर्ण्याचं माणूस चालता चालता करतं, आणि तू ते पहिल्या दिवशी पकडलंस. मी शाबास म्हणायला हवं होतं. मी काय म्हणाले? "तुलना करू नकोस, पाठ कर."

मग तू टिकल्या लावल्यास. मला न विचारता, घरभर. ज्याच्याआधी ला येतं त्याला टिकली: दाराला, खिडकीला, टेबलाला, चमच्याला, पलंगाला. एलवाल्या वस्तू कोऱ्या. खुर्च्यांची रांग म्हणजे अनेकवचन, लास सियास, म्हणून तिथे पहिल्या खुर्चीला दोन टिकल्या. तुझे मधुकरराव जेवायला बसायला आले आणि तसेच उभे राहिले. मला म्हणाले, "ताई, हे काय? माह्या खुर्चीचं लगन लावून टाकलं काय इनं?" तू आतून ओरडलीस, "बसा, बसा. सवत हाय ते माही." त्या दिवशी मी हसले. एवढं तरी तुझ्या पदरात टाकलं ना मी?

उना आणि ला यांतला फरक मी तुला तासभर समजावला. आपल्या भाषेत तसं काही नाही, तुला कळायचं कसं? तुलाच कळलं. "म्हणजे बसमधी एक बाई भेटली तर ते उना. अन् तेच बाई घरी येऊन बसली की ला." मी इतक्या वर्षांत इंग्रजीसुद्धा असं शिकवू शकले नाही.

पण हात तुला जमेना. ला मानो. शेवटी ओ आहे, तरी स्त्रीलिंगी. अपवाद आहे. चार शुक्रवार तू एल मानो म्हणालीस. पाचव्या शुक्रवारी मी टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि तुझ्या बोटांवर मारली. गमतीत नाही. धारेने. एकसष्ट वर्षांच्या बाईला. करंगळीवर वळ उठला, एक बांगडी तडकून वहीवर पडली. तू हात मागे घेतला नाहीस. बांगडीचे तुकडे वेचलेस आणि म्हणालीस, "ला मानो. आता नाही विसरत." मग चहा टाकायला उठलीस.

काहून उठलीस तू? ती फूटपट्टी हिसकावून माझ्या थोबाडात का नाही मारलीस? शिकवणाऱ्याला मारायचा हक्क असतो, हे तुला कोणी शिकवलं? मीच ना?

आणि त्याहून वाईट मी जे केलं त्याला फूटपट्टी लागली नाही. मी तुला सांगितलं, एल आणि ला पक्कं होईपर्यंत इनेसशी एक शब्द बोलायचा नाही. पोरीची भाषा बिघडेल, पल्लवीच्या सासरी हसं होईल. तू ऐकलंस. चार महिने तू रविवारी फोनसमोर बसून पुन्हा नुसती मान डोलवत राहिलीस, आता येत असताना.

गोटमारच्या सकाळी तुझा फोन आला. "ताई, येतं का आज? इनेसले दाखवायचं हाय गच्चीवरून. शाळा उघडली की आजीच्या गावाबद्दल सांगायचं हाय तिले."

मी म्हटलं, "त्या कत्तलीला मी येत नाही, तुला माहीत आहे. फोन धर, दाखव, पण तोंड उघडू नकोस. तू एल पिएद्रा म्हणशील आणि ती वर्गात तसंच म्हणेल."

तू म्हणालीस, "बरं."

आपलं शेवटचं बोलणं ते.

गच्चीवर काय झालं ते मला तुझ्या शेजारच्या बेबीने सांगितलं. ती तुझ्या बाजूलाच उभी होती. तिचे शब्द तसेच लिहिते, कारण माझ्याच्याने ते नीट करवत नाहीत.

"ताई, मले काही समजलं नाही, पण शालूबाई बोलतच होत्या. हात करून करून. एल पिएद्रा, मुचो पिएद्रा, एल रिओ, असं काहीतरी. ते पोट्टी तिकडून ला, ला, म्हणे अन् हासे. शालूबाईही हासत होत्या. मी एवढं हासताना त्यायले पाह्यलं नाही कधी. मंग पोट्टी काहीतरी बोलली, तं त्या कठड्यापाशी सरकल्या. खाली बोंब चालूच होती. मंग आवाज आला. नारळ फोडल्यावानी."

म्हणजे तू बोललीस. माझा हुकूम मोडलास, 'पुष्कळ दगड' म्हणताना सगळ्या चुका केल्यास, आणि जे मी फूटपट्टीने चार महिन्यांत केलं नाही ते त्या पोरीने हसत हसत केलं. ती चूक दुरुस्त करत होती आणि तुम्ही दोघी बोलत होतात. शालू, मी तुला हे चार महिने आधी करू दिलं असतं तर तू त्या दिवशी एवढी अधीर झाली असतीस का? कठड्यापर्यंत गेली असतीस का?

नितीन खाली नदीत होता. त्याला बोलावून आणलं तेव्हा त्याच्या भुवईतून रक्त वाहत होतं आणि गोफण कमरेला होती. आईला उचलून गाडीत घालायचं सोडून त्याने माणूस देवळात पिटाळला, देवीचं भस्म आणायला. नदीतल्या जखमांवर तेच लावतात, मग कपाळ असो की कान. सगळे भस्माची वाट पाहत बसले. तुझ्या कानातून रक्त येत होतं आणि ते वाट पाहत बसले. मग गाडी गर्दीत अडकली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तू गेली होतीस. आणि तिथल्या तिथे, तुझ्या पायाशी उभं राहून, मधुकररावांसकट सगळ्या पुरुषांनी ठरवलं: जिन्यावरून पडली.

मी संध्याकाळी सौंसरहून पोहोचले. तुला आंघोळ मी घातली. जखमेत रक्त आणि राखेचा चिखल झाला होता. तो मी बोटाने काढला, थोडा थोडा. तुला दुखेल म्हणून हळूहळू काढत होते. मूर्ख बाई.

बाहेर आले आणि नितीनला विचारलं, "पोलिसांत कोण जाणार?"

"मावशी, काहून इतलं करून राहिली? गोटमारीत तक्रार नसते. लागला असन एखादा गोटा. आमचे नाही लागत काय त्यायले?"

मी त्याच्या मुस्काटात मारली. सगळ्यांसमोर. ज्या भुवईला टाके घातले होते ती पुन्हा फुटली. म्हटलं, "तुझ्या आईला एखादा गोटा लागला नाही. तो एकच होता. तो कोणीतरी निवडला, गोफणीत घातला, फिरवला आणि सोडला."

तो रक्त पुसत म्हणाला, "अन् माह्या हातातून सुटले ते? ते कोणाच्या मायले लागले, ते बी सांगू काय ठाण्यात?"

त्या दिवशी त्या घरात तेवढंच एक खरं वाक्य बोललं गेलं. ते ऐकून मी ठाण्याचं नाव सोडलं. तुझा मुलगा आहे, शालू. मला वाटलं, तूसुद्धा हेच केलं असतंस. तुझ्या नावाने मी तेरा दिवस गप्प बसले.

आणि मग काल तो फोन. मी चक्कर म्हटलं. पल्लवी म्हणाली, "म्हणजे इनेस म्हणते ते खरं आहे."

"काय म्हणते?"

"तिनेच आईला सांगितलं होतं, मास सेर्का, अबुएला. अजून जवळ जा, आजी. म्हणून आई पुढे गेली आणि पडली, असं म्हणते. तेव्हापासून फोन दिसला की पालथा घालते. मी तिला रोज सांगत होते की तुझ्यामुळे नाही, आजीला दुसरं काहीतरी झालं असेल. आता तूच सांगतेस की पडली."

तिने फोन ठेवला. नितीन बादली घेऊन पंगतीत गेला. "बुंदी, बुंदी घ्या."

कळलं तुला, काय केलं आम्ही? दोन गावांतल्या हजार हातांनी दिवसभर दगड फेकले. त्यांच्यातला एकही हात दोषी नाही. नदी दोषी नाही, देवी नाही, गोफण नाही, भस्माची वाट पाहणारे नाहीत. आणि तो सगळा दोष आम्ही उचलून समुद्रापलीकडे एका सहा वर्षांच्या पोरीच्या दोन शब्दांवर नेऊन ठेवला. परंपरा वाचली. गाव वाचलं. ह्याला मी गोटमारपेक्षा भयंकर म्हणते. तिथे निदान समोरच्याच्याही हातात दगड असतो.

तुझ्यावरही माझा राग आहे. दरवर्षी पोळ्याला तू नितीनला ओवाळून नदीवर पाठवायचीस. येताना त्याचं डोकं बांधायला जुनं लुगडं फाडून ठेवायचीस, आधीच. कधी म्हणालीस का, जाऊ नको? मीही सौंसरात बसून नाक मुरडलं आणि स्वतःला सुसंस्कृत समजले. पट्ट्या फाडणारी तू, नाक मुरडणारी मी. थांबवलं कोणी?

आज सकाळी नितीनचा फोन होता. "मावशी, पल्लवीले काही सांगशील तं या घरात पाय नको ठेवू." मी म्हटलं, बरं. तुझाच शब्द वापरला, आणि ठरवलं ते तुझ्यासारखंच.

तेव्हा हे माझं वचन. आज त्यांच्याकडे दुपार झाली की मी फोन लावणार आहे. आधी पल्लवीला सगळं सांगेन, मी खोटं बोलले हेही. मग इनेसशी बोलेन. जिवंत माणसाशी मी त्या भाषेत कधी बोललेच नाही, मला फक्त टेबल, खुर्ची आणि फुलं येतात. सकाळपासून वाक्यं लिहिली आणि फाडली. आता लिहिणार नाही, जसं येईल तसं बोलेन. इनेस, आजी पडली नाही. एका माणसाने दगड मारला. तो दगड फार लांबून आला होता, गच्चीवर कुठेही आला असता. तू तिला जवळ जा म्हणालीस तेव्हा ती हसत होती, बेबीने पाहिलं आहे. ती चार महिने तुझ्याशी बोलायची वाट पाहत होती, आणि तिला गप्प बसवणारी मी होते.

उद्या पहिल्या बसने पांढुर्ण्याला येऊन ठाण्यात अर्ज देईन, माझ्या सहीने. नितीन कुठे होता असं विचारलं तर तेही सांगेन. त्यासाठी तू मला माफ करू नकोस.

इनेस फोन पालथा घालेल, मला माहीत आहे. मी पुन्हा लावीन. उद्या लावीन, परवा लावीन, बाळंतपण होईल त्या दिवशी लावीन. ती मला काहीतरी विचारेपर्यंत लावत राहीन.

तुझी,
ताई
सौंसर